भिंतीवरची तांबडी रेघ

तुमच्या गाडीचे दिवे चालू असताना तुम्ही कधी तिच्यासमोर उभे राहिला आहात का? आत स्टिअरिंगमागे बसून नव्हे. आतून सगळ्यांनाच चांगलं दिसतं. समोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, जिथून माणसं येतात तिथे.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारते. आठ वर्षांत दोघंच ‘हो’ म्हणाले. एक खोटं बोलत होता. दुसऱ्याचं बायकोशी भांडण झालं होतं आणि गाडी ती चालवत होती.

कराडच्या वेशीबाहेर, महामार्गापासून थोडं आत माझं दुकान आहे. गाडीचं वायरिंग, सेल्फ, हॉर्न सगळंच करते, पण नाव झालं ते दिव्यांमुळे. मेढ्यापासून मिरजेपर्यंतच्या गाड्या येतात. नवखा माणूस दारात उभा राहून विचारतो, “मालक कुठायत?”

“मीच.”

“न्हाई, म्हंजी काम कोण करतंय?”

“मीच.”

मग तो माझ्या खांद्यावरून आत बघतो. आत फक्त भिंत असते. त्या भिंतीबद्दलच मला लिहायचं आहे. पण तिच्याआधी माझ्या बाबांबद्दल सांगते, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळणार नाही.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. पगार लग्नपत्रिकांचा मिळायचा, जीव मात्र पत्रकांत. वस्तीच्या नळाला पाणी का नाही, शिष्यवृत्तीचे अर्ज कुणी दाबून ठेवले, गायरानावर कुंपण कुणाचं, असली पत्रकं ते स्वतः लिहायचे, स्वतः जुळवायचे आणि बाजारच्या दिवशी माझ्या हातात गठ्ठा द्यायचे. इतर मुलींनी गोष्टी वाचल्या, मी पत्रकं वाचली. त्यांचे तीन नियम होते. सुरुवात वाचकाला थेट प्रश्न विचारून करायची. शेवटी त्याला करण्यासारखं एक काम द्यायचं, एकच. आणि मधे कुणालाही सोडायचं नाही, ओळखीच्यालाही नाही.

अशा घरात वाढलं की संशय अंगात मुरतो. धंद्यात त्याचा मला उपयोगच झाला. वायरीत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प हे माझं दुसरं अवजार, संशय पहिलं.

डब्यावर लिहिलेल्या वॉटवर माझा विश्वास नाही. सांगलीतल्या एका दुकानदाराने एकदा मला एलईडी बल्बची जोडी दाखवली. डब्यावर इतका मोठा आकडा की तेवढ्यात आमची गल्ली उजळावी. मी बल्ब तळहातावर घेतला. खरा बल्ब तापतो, त्याला उष्णता बाहेर टाकायला मागे धातूची जड पाठ लागते. हा चुरमुऱ्यासारखा हलका. म्हटलं, “काका, याच्यात उजेड कुठं ठेवलाय?” ते म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक डबा बघतंय, तुमी बल्ब बघताय. तुमचं कसं व्हायचं?”

“मी काही केलं नाही, आपोआप बंद पडलं” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर माझा विश्वास नाही. वायर आपोआप सोलली जात नाही. तिला चिकटपट्टीऐवजी केस बांधायचं रबर तर आपोआप मुळीच लागत नाही.

आणि उजेडाची हाव असलेल्या माणसावर तर नाहीच नाही. वाळव्याकडचा एक तरुण बागायतदार नवी जीप घेऊन आला. पुढे आधीच दहा दिवे, त्याला आणखी चार हवे होते. म्हणाला, “ताई, शेतावर जावं लागतं अंधारात.”

“शेत आहे का विमानतळ?”

“आवं, पण लूक येतो.”

“समोरून येणाऱ्याला काय येतं?”

तो हसला आणि दुसऱ्या दुकानात गेला. चौदा दिवे लागले त्याच्या गाडीला. वर लिंबू-मिरची.

आता धंद्यातली गोष्ट साध्या शब्दांत सांगते. उजेड कमी पडतो म्हणून लोक बल्ब बदलायला येतात. दहापैकी सात वेळा दोष बल्बचा नसतो. जुन्या गाडीत दिव्याची वीज बारीक वायरीतून आणि झिजलेल्या बटणातून जाते, वाटेतच दमते. बॅटरीपासून जाड वायर टाकून मधे रिले, म्हणजे विजेनेच चालणारं बटण, बसवला की तोच बल्ब दीडपट तेजाळतो. दिव्याची काच उन्हाने पिवळी पडते, ती घासून पॉलिश करायची. आणि बल्बमागची चकचकीत वाटी ज्या बल्बसाठी घडवलेली असते, तोच तिच्यात घालायचा. हॅलोजनच्या वाटीत एलईडी खुपसला की उजेड वाडग्यातल्या ताकासारखा चारी बाजूंना सांडतो. आपल्याला वाटतं लख्ख झालं. समोरचा आंधळा होतो.

राहिले खड्डे. आमच्याकडच्या रस्त्यांवर खड्डा आधी दिव्याला लागतो, मग स्प्रिंगच्या पाट्यांना, मग माणसाच्या मणक्याला. हादरे बसून दिव्यांचे प्लॅस्टिकचे कान तुटतात, दिवा मान टाकतो नाहीतर आभाळाकडे बघतो. म्हणून सगळं काम झाल्यावर शेवटी दिव्याचा नेम लावायचा. आम्ही त्याला ‘फोकस लावणं’ म्हणतो. मोठ्या ठिकाणी त्याचं यंत्र असतं. माझ्याकडे भिंत होती.

ही पद्धत माझ्या मिरजेच्या उस्तादांची. त्यांच्याकडे मी तीन वर्षं शिकले. मी दुकान घातलं तेव्हा ते स्वतः आले, टेपने शटरच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पंचवीस फूट मोजले, जमिनीपासून इंच-इंच वर खुणा केल्या आणि एक आडवी तांबडी रेघ ओढली. गाडीचं नाक उंबऱ्याला लावायचं. दिव्याची उंची मोजायची, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने खूण करायची आणि डिपरच्या, म्हणजे जवळच्या झोताच्या, उजेडाची वरची कड त्या खुणेच्या चार बोटं खाली आणायची. बहुतेक मोटारींचे दिवे सारख्याच उंचीवर असतात, त्यांच्यासाठी ती कायमची तांबडी रेघ. उजेडाची कड रेघेवर बसली की काम झालं. “रेघ आपली इज्जत हाय, बेटा,” उस्ताद म्हणाले होते.

दसऱ्याला सगळी दुकानं अवजारं पुजतात. मी पूजा करत नाही, नारळ फोडत नाही. शेजारच्या टायरवाल्याला मी दर वर्षी चिडवते, “दादा, जॅकला हळद लावून तो जास्त उचलतो का हो?” पण त्या दिवशी मी एक काम न चुकता करते. तांबड्या रंगाचा डबा उघडते आणि उस्तादांची रेघ त्याच जागी, तशीच, पुन्हा रंगवते. सात वर्षं रंगवली. एकदाही मोजली नाही.

दुकानासमोरचा रस्ता या काळात दोनदा झाला. जुना न उकरता वरूनच थर टाकला, दोन्ही वेळा. ठेकेदाराच्या माणसांनी कडेला मुरूम ओतून तो आमच्या दारापर्यंत आणून मिळवला. पहिल्याच पावसात रस्त्याचं पाणी दुकानात शिरलं. मी कशाला गप्प बसते? त्या आठवड्यात पत्रक काढलं. ‘रस्ता आमच्या उरावर का चढवला?’ अशी सुरुवात. रस्ता दोन थरांत एक वीत उंच झाला, कडेचा उतार आमच्या उंबऱ्याकडे केला, मोजमाप न करता काम करणाऱ्यांना जाब विचारा, असं सगळं खणखणीत लिहिलं. बाबांनी कौतुक केलं. ओळीतल्या दुकानदारांनी सह्या केल्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या कप्प्यात मी एक-एक पत्रक सरकवत होते.

त्यातलंच एक नानांच्या गाडीत गेलं.

नाना म्हणजे मेढ्याच्या पुढच्या डोंगरातल्या एका गावचे निवृत्त सुभेदार. तोफखान्यात होते. ऊस नाही, पण घरची भाताची शेती, गावात मान. त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, मिरजेला मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. दर आठवड्याला साताऱ्याला व्यायामासाठी न्यायचं आणि महिन्यातून एकदा मिरजेला दाखवायचं. परत येता-येता दिवेलागण व्हायची आणि गावाकडचा शेवटचा पट्टा म्हणजे चाळण. मिरजेहून परतताना ते माझ्याकडे थांबले. काकू पाठीला दोन उशा लावून मागे बसल्या होत्या.

“पोरी, मला लांबचं न्हाई दिसलं तरी चालंल,” नाना म्हणाले, “मला खड्डा दिसू दे. खड्डा चुकला की हिच्या तोंडातनं आवाज येतोय. तो मला ऐकवत न्हाई.”

काकू आतून म्हणाल्या, “मी वरडत न्हाई हां. ह्येंनाच ऐकू येतंय.”

मी जीव ओतून काम केलं. एलईडी नाही म्हणून सांगितलं, त्यांनी ऐकलं. रिले बसवला, काचा घासल्या, खाली बंपरला दोन पिवळे दिवे लावले, जवळचा रस्ता आणि कडा दाखवणारे. तुटलेले कान बदलले. संध्याकाळ झाल्यावर गाडीचं नाक उंबऱ्याला लावून कड रेघेवर आणली. रेघेवर म्हणजे रेघेवर. नाना काम संपेपर्यंत खुर्चीत बसून माझं पत्रक वाचत होते. दोनदा वाचलं. जाताना म्हणाले, “लिवतीस बरं. तापट लिवतीस.”

तीन आठवड्यांनी ते परत आले. “खड्डं झकास दिसत्यात. पण समोरचे सारखं डिपर मारत्यात गं मला. शिव्याबी देत्यात.”

मी गाडी उंबऱ्याला लावली. कड रेघेवर. केसभर इकडे नाही का तिकडे नाही. म्हटलं, “नाना, दिवे बरोबर आहेत. आपल्याकडे लोकांना उगाच डिपर मारायची सवय असते. आधी तुमचे दिवे मेलेले होते, आता दिसायला लागले, म्हणून.” त्यांना ते पटलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

त्यानंतर पंधरवड्यात तो प्रकार झाला. शेजारच्या गावच्या अंगणवाडी सेविका अरुणाताई दिवेलागणीला स्कूटरवरून घरी निघाल्या होत्या. समोरून नानांची गाडी आली. वळणावर उजेड डोळ्यांत गेला, त्यांना रस्त्याची कड दिसली नाही आणि स्कूटर चारीत गेली. उजवं कोपर मोडलं. नानांनीच त्यांना उचलून त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. काकू पुढे, त्या मागे. पण दोन्ही गावांत एकच बोलणं. सुभेदारानं गाडीला सर्चलाईट लावलाय, मोठ्या लोकांना कोण विचारणार.

नाना गाडी घेऊन तिसऱ्यांदा आले. काकू नव्हत्या. मी पुन्हा उंबऱ्याला लावली, शटर अर्धं ओढून अंधार केला. कड रेघेवर.

इथे मी जे बोलले ते लपवावंसं वाटतं. पण लिहायलाच हवं. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. रेघ खोटं बोलत नाही. गाडी इथे बरोबर आणि तिथे चूक, म्हणजे मधे कुणीतरी पाना फिरवतो. खड्डे लांबून दिसावेत म्हणून दिवे वर करायचे आणि माझ्याकडे येण्याआधी खाली आणून ठेवायचे. वरून आणखी एक जुना संशय, बाबांच्या पत्रकांतून आलेला, की मोठ्या घरची माणसं अंगावर आलं की कारागिराकडे बोट दाखवतात.

मी म्हणाले, “नाना, इथं येताना खाली करून आणलेत का?”

ते शांतपणे म्हणाले, “मी पान्याला हात लावला न्हाई, पोरी.”

“मग आपोआप वर झाले?”

त्यांनी चावी घेतली आणि दिवे न लावता, उजेडातच निघून गेले.

दोन आठवड्यांनी एक फोन आला. काकू होत्या. “सुजाता न्हवं का तू? अगं, ह्येंनी गाडी शेडात लावलीय. चावी कपाटात. म्हणत्यात, माझा शब्द खोटा पडला, आता मी गाडी काढणार न्हाई. एष्टीत मला बसता येत न्हाई. सातारच्या व्यायामाला दोन खेपा चुकल्या. पाय परत जड पडाय लागलाय.” मग आवाज उतरवून, “तूच सांग की त्येंला, तुझा विश्वास हाय म्हणून. खोटं सांग पायजे तर.”

मी खोटं सांगितलं नाही. तेव्हा मला ते तत्त्व वाटलं. “बघते, काकू,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून एका ट्रकच्या वायरिंगला लागले. त्या दिवशी मी तीन फ्यूज उडवले.

पुढच्या सोमवारी सकाळी दुकान उघडत होते. एसटीने येऊन नाना रस्त्यापलीकडे उभे होते. हातात कापडी पिशवी. आले, खुर्चीत बसले नाहीत. पिशवीतून माझंच पत्रक काढलं, घडीवर घडी पडलेलं, आणि म्हणाले, “वाच.”

“मीच लिहिलंय, नाना.”

“म्हणून तर. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. ‘रस्ता दोन थरांत एक वीत उंच झाला. कडेचा उतार आमच्या उंबऱ्याकडे केला. पावसाचं पाणी धावत दुकानात येतं...’

“थांब. पाणी कुठनं कुठं येतंय?”

“रस्त्याकडून आत.”

“का?”

“उतार आहे म्हणून.”

“आन् माझी गाडी कुठं उभी हुती?”

मी दाराबाहेर बघितलं. नाना उत्तरासाठी थांबले नाहीत. पिशवीतून त्यांनी गवंड्याकडची पाणसळ काढली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती लाकडी पट्टी, आणि एक सरळ फळीचा तुकडा. बाहेर गेले, गुडघा टेकून बसले. पुढची चाकं उभी राहतात ती दारातली जुनी फरशी, मागची चाकं राहतात तो मुरमाचा उतार. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

“तोफ लावताना,” नाना खालीच बघत म्हणाले, “आमाला पयली जमीन बघाय शिकवत्यात. नेम मागनं. जमीन वाकडी असली तर नेम कितीबी सरळ लाव, गोळा दुसऱ्याच्या घरात.”

आम्ही दोघांनी मिळून मोजलं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा चार बोटं वर. चालताना पायाला कळणारही नाही एवढा उतार. पण गाडी त्यावर नाक खाली घालून उभी राहते, उजेडही खाली वाकतो आणि मी बाई स्क्रू फिरवून तो उचलत-उचलत रेघेवर आणते. गाडी सपाट रस्त्यावर गेली की तिचं नाक सरळ होतं आणि माझा उचललेला उजेड आणखी वर जातो. पंचवीस फुटांवर दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली पडायला हवा तो आठ बोटं वर. शंभर-सव्वाशे फुटांवर तो नेमका स्कूटरवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत. आणि रिले टाकून तो उजेड मीच दीडपट केला होता.

नाना गुडघा झटकत उठले. मी म्हणाले, “नाना, माझं चुकलं. दिवे चुकले आणि तुम्हाला बोलले तेही.”

“दिव्याचं जाऊ दे,” ते म्हणाले. “दिवा स्क्रूनं खाली येतोय.”

मी बोलले त्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा घेतला, अर्धा ठेवला.

मी उस्तादांना फोन केला. खरं सांगायचं तर मनात एक कोपरा होता की ते म्हणतील, तुझी काय चूक, रस्ता त्यांनी चढवला. त्यांना आता नीट दिसत नाही, पण ऐकू चोख येतं. सगळं ऐकून म्हणाले, “बेटा, मी नुसती रेघ नव्हती दिली. जमीन मोजून रेघ दिली हुती. तू निम्मी घेतलीस.” आणि मग, “दर साल रंग मारत हुतीस म्हणं. चांगला मारत हुतीस?”

“हो.”

“मग ठीक हाय. दिसाय तर छान आसंल.”

टायरवाल्या दादांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी सात वर्षांचं उट्टं एका वाक्यात काढलं. “ताई, आमी निदान जॅक वापरून बघतो की वो, हळद लावायच्या आधी.”

त्याच दिवशी मी नानांबरोबर त्यांच्या गावी गेले. शाळेच्या पटांगणावर गाडी सपाट उभी केली, शाळेच्या भिंतीवर नव्याने मोजून दिवे खाली आणले. काकूंना मागे बसवून मोजलं, कारण मागे माणूस बसला की गाडीचं नाक उचलतं. काकू म्हणाल्या, “मला वजनाला बसवलंय व्हय गं? सरळ पोतं ठेवायचं.” अंधार पडल्यावर नानांनी चावी घेतली आणि आम्ही तिघं चाळणीच्या रस्त्याने शेजारच्या गावी निघालो. समोरून तीन मोटारसायकली आल्या. एकानेही डिपर मारला नाही. तिसरी गेल्यावर नानांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला.

अरुणाताई ओट्यावर होत्या, हात गळ्यात. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. दिवे मी लावले होते, चुकीचे लावले होते, नानांनी काही केलं नव्हतं.

“म्हंजी तू हुतीस व्हय?” त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “मी म्हटलं येवढा उजेड पाडणारा माणूस कसा असंल. उजेड आला आन् रस्ताच गेला बघ.”

“माझं चुकलं, ताई.”

“चुकलं तर चुकलं. कोपर सरळ हुईत न्हाई पुरतं. अंगणवाडीतली पोरं मला डाव्या हातानं ‘ग’ काढाय शिकवत्यात. त्यांना लय गंमत.” मग नानांकडे वळून त्या म्हणाल्या, “आवं सुभेदार, मी बी गावात बोलले तुमच्याबद्दल. आत या, चहा टाकते. तू बी ये. पण आधी माझ्या स्कूटरचा दिवा बघ. तो झाडावरची घुबडं मोजतोय कवाचा.”

मी तो दिवा बघितला. सपाट जागा शोधून, पाणसळ लावून. ती पाणसळ नानांनी मला दिली नाही, परत पिशवीत ठेवली. मी दुसऱ्या दिवशी स्वतःची घेतली.

आता दारात मी सिमेंटचा सपाट चौथरा करून घेतला आहे. भिंत पांढरी केली आणि रेघ नव्याने मोजून ओढली. या दसऱ्याला रंग लावण्याआधी पाणी भरलेल्या नळीने जमीन तपासली. पण त्याने मागचं निस्तरत नाही. रस्त्याचा पहिला थर पडला त्यानंतर किती गाड्या माझ्या उतारावरून नेम घेऊन गेल्या? मी नावं लिहून ठेवत नाही. पुढे लिंबू-मिरची टांगलेल्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, एका डॉक्टरीणबाईंची, एका नवरदेवाची. त्या सगळ्या सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर आहेत आणि समोरचे डिपर मारतात तेव्हा त्यांच्या मालकांना माझंच वाक्य आठवत असणार, की लोकांना सवयच असते.

म्हणून मी पत्रक लिहायला बसले. पहिला खर्डा बाबांना दाखवला. ‘रस्त्याची उंची वाढल्यामुळे दिव्यांच्या जुळणीत फरक पडल्याचे निदर्शनास आले आहे.’ बाबांनी चष्मा वर केला.

“फरक पडला? कुणी पाडला?”

“बाबा, रस्ता तर त्यांनीच...”

“रस्त्याचं पत्रक झालं. ते खरं होतं, ते राहील. हे दुसरं आहे.” त्यांनी ती ओळ खोडली आणि पेन माझ्याकडे दिलं. “ओळखीच्यालाही सोडायचं नाही, सुजाता.”

मी लिहिलं, ‘मी चुकीचे लावले.’ पत्रक वाटलं. सहा गाड्या परत आल्या, बाकीच्या नाही. पत्रक कप्प्यात पडून राहतं हे मला आता माहीत आहे. सगळेच नानांसारखे दोनदा वाचत नाहीत. दिवाळी अंक निदान घरात जातो, म्हणून संपादकांनी विचारल्यावर हे इथे लिहिलं.

आता काम. एकच.

आज दिवेलागणीला तुमची गाडी सपाट जागी उभी करा. उतार डोळ्याने ठरवू नका, बादलीभर पाणी ओतून बघा, ते कुठे पळतं. गाडीत रोजची माणसं बसवा, रोजचं ओझं ठेवा. डिपर लावा. मग चाळीस-पन्नास पावलं समोर चालत जा, गाडीकडे तोंड करा आणि स्कूटरवर बसलेल्या बाईचे डोळे असतात तेवढे खाली वाका. डोळे उघडे ठेवता आले तर घरी जा. मिटावे लागले, तर दुसऱ्या दिवशीच गाडी दिवेवाल्याकडे न्या, आणि तो भिंतीकडे बघायच्या आधी त्याला त्याच्या दारातली जमीन मोजायला लावा. माझ्याकडे आलात, तर मलाही.